सूत जुळवण्याची कृती

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण, ते आधी ठरवून टाकू. एप्रिलचा दुसरा आठवडा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या इमारतींपैकी एकीच्या तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ बनियनवर बसला आहे. हॉलमध्ये एसीची दोन खोकी येऊन पाच दिवस झालेत आणि त्यांच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागलेत. ‘फिटिंगवाला सोमवारी येईल’ असं दुकानातून सांगितलंय. कुठला सोमवार, ते सांगितलेलं नाही. काल रात्री उकाड्याने झोप येईना म्हणून गृहस्थाने मोबाइलवर वीस मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस तांब्याचा पाइप कापतो, त्याचं तोंड फुलवतो, नट आवळतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. ते बघून ज्याच्या मनात ‘हात्तिच्या, एवढंच?’ असं आलं, तो नवशिका. आयटीआयमध्ये हा ट्रेड शिकवायला दोन वर्षं लावतात. त्यांच्यापर्यंत व्हिडिओ पोचला नसावा.

मी हे अधिकाराने लिहितोय, कारण गेल्या उन्हाळ्यात तो गृहस्थ मी होतो.

साहित्य. तांब्याचे पाइप दोन, एक बारीक, एक जाड. पुस्तिकेत त्यांची मापं ६.३५ आणि १२.७ मिलिमीटर अशी छापलेली असतात. ती पाठ करून दुकानात गेलात तर काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे परीक्षेला आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघेल. तिथे सुतात बोलायचं. एका इंचाचे आठ सूत, हे सुतार, गवंडी आणि प्लंबर यांचं जुनं गणित. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. दीड टनाच्या एसीला बहुधा दोन सुती आणि चार सुती अशी जोडी लागते. एक टनाला जाड पाइप तीन सुतीही चालतो. बारीक पाइपातून गॅस घरात येतो आणि खोलीतली उष्णता उचलून जाड पाइपातून बाहेर जातो. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात ना, इथे तो खरोखरच दोन सुताच्या नळीतून येतो.

पाइपाच्या भिंतीची जाडी गेजमध्ये सांगतात. इथे गणित उलटं आहे: आकडा वाढला की तांबं पातळ होतं. बावीस गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. ‘चोवीस देतो, दोन नंबर जास्त आहे’ असं कोणी म्हटलं तर आभार मानून दुसऱ्या दुकानात जा.

बहुतेक खोक्यांत तीन मीटर पाइप मिळतो. तुमच्या घरात इनडोअरपासून आउटडोअरपर्यंतचं अंतर सव्वातीन मीटर भरतं. मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांच्या घरात ते सव्वातीनच भरलं आहे. वरच्या पाव मीटरसाठी मधे तुकडा जोडायचा मोह होईल. जोड तितकी गळतीची जागा. सरळ लांब पाइप घ्या.

तांबं आपल्याला काही परकं नाही. तांब्या या भांड्याचं नावच त्यावरून पडलं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, जिथे पिढ्यान् पिढ्या हंडे-घागरी ठोकल्या गेल्या. डोंबिवलीच्या जुन्या घरांत न्हाणीपाशी बंब असायचा आणि दिवाळीत चिंचेने घासून त्याला चकचकीत करायची पाळी घरातल्या धाकट्यावर यायची. तेव्हा तांबं पाणी तापवायला लागायचं, आता खोली गार करायला लागतं. घासण्याची पाळी मात्र गेली. उन्हाळ्यात भर दुपारी पिंपळावर बसून टुक्‌ टुक्‌ टुक्‌ करणाऱ्या पक्ष्यालाही आपण तांबट म्हणतो. तुम्ही पाइप घेऊन बाल्कनीत बसलात की तो सुरू होईल. त्याचा ठोका नेमका आहे. तुमचा नसेल.

ठाणेकरांनी तर या विषयात नवशिका म्हणवून घेणं ही नामुष्कीच. पोखरण रोड नंबर दोनवर व्होल्टास आणि ब्लू स्टार या दोन्ही कंपन्यांचे कारखाने होते. ब्लू स्टार १९४३ची, व्होल्टास १९५४ची. म्हणजे देशाला गारवा पुरवणारी दोन घराणी एकाच रस्त्यावर शेजार करून होती. त्या पट्ट्यात आता टॉवर उभे आहेत आणि टॉवरच्या मजल्या-मजल्यावर आउटडोअर ठेवायला खास कट्टा काढलेला आहे. जिथे एसी घडत होते तिथे ते आता टांगले जातात. डोंबिवली पूर्वेच्या चार मजली इमारतींना असा कट्टा नाही. त्या बांधल्या गेल्या तेव्हा पंख्याचा हूक ही चैन होती. तिथे आउटडोअर ग्रिलमध्ये बसतो, तुळशीची कुंडी आणि सायकलचं जुनं चाक यांच्या मधोमध. ग्रिलबाहेर लोंबकळून ब्रॅकेट ठोकायचं काम नवशिक्याने करायचं नाही. हे वाक्य विनोदी नाही.

आता हत्यारं. पाइप कटर, रीमर, फ्लेअरिंग टूल, दोन पाने, व्हॅक्यूम पंप, गेज. घरात यांपैकी एक पाना असतो आणि तो गंजलेला असतो. बाकीचं उल्हासनगरला मिळेल. कुठल्याही वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ दिसलं तर हरखून जाऊ नका. कल्याणच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्या माणसाला त्या तीन अक्षरांचा स्थानिक अर्थ ठाऊक असतो.

कृती. पाइप कापायला करवत घ्यायची नाही. करवतीचा भुसा आत पडतो आणि पुढे कॉम्प्रेसरच्या पोटात जातो. कटर पाइपाभोवती फिरवायचा, दर फेरीला मूठ किंचित आवळायची. घाई केलीत तर पाइप गोल राहत नाही, अंडाकृती होतो. कापून झाल्यावर आतल्या कडेला तांब्याची बारीक कोर दुमडलेली राहते, ती रीमरने काढायची. त्या वेळी पाइपाचं तोंड खाली हवं, म्हणजे कीस जमिनीवर पडेल. व्हिडिओतल्या माणसाने तोंड वर धरलं होतं. त्याचा एसी आज कसा चालतोय, हे सांगणारा दुसरा व्हिडिओ त्याने काढलेला नाही.

यानंतर नट.

नट पाइपात आधी घालायचा, तोंड नंतर फुलवायचं. तोंड फुलल्यावर नट वरून जात नाही. हे तुम्हाला आत्ता वाचताना इतकं उघड वाटतंय की पुढच्या परिच्छेदावर जायची घाई झाली असेल. जाऊ नका. पुन्हा वाचा. मी गेल्या वर्षी उरलेल्या तुकड्यांवर सराव केला. पहिलं फ्लेअर चिरलं. दुसरं कललं. तिसरं इतकं देखणं आलं की बायकोला हाक मारून दाखवलं. तिने ते हातात घेतलं, फिरवलं, आणि टेबलावरच्या पितळी नटाकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हा कुठे लागतो?”

चौथं करताना नट घातला होता, पण उलटा.

फ्लेअर म्हणजे पाइपाचं तोंड पंचेचाळीस अंशांत फुलवणं. टूलच्या पट्टीत पाइप पकडायचा, टोक जरासं वर ठेवायचं, शंकूवर तेलाचा थेंब लावायचा आणि दांडा फिरवायचा. जमलं तर धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड उमलतं: कड सगळीकडे सारख्या रुंदीची, आतला भाग आरशासारखा. टोक जास्त वर राहिलं तर फूल मोठं होतं आणि नटात बसत नाही. कमी राहिलं तर नट आवळताना निसटतं. आतल्या भागावर नखाएवढा ओरखडा असला तरी तो तुकडा कापून टाकायचा आणि नव्याने सुरुवात करायची. तुमच्या नव्या एसीतला आर-३२ गॅस हा जुन्या आर-२२पेक्षा सुमारे दीडपट दाबाने वावरतो. जुन्या गॅसने जी चूक पोटात घातली असती, ती हा घालत नाही. तो त्या ओरखड्यातून रोज थोडा थोडा निघून जातो, कोणाला न सांगता, आणि पुढच्या मार्चमध्ये तुम्ही म्हणता, ‘एसीत काही दम नाही राहिला.’

पाइप वाकवणं हे काम सोपं दिसतं म्हणूनच फसतं. नरम तांबं हाताने वाकतं, पण मोठ्या वळणात, दोन्ही अंगठे जवळ धरून, थोडं थोडं पुढे सरकत. स्प्रिंग चढवली तर उत्तम. गुडघ्यावर टेकवून एकदम वाकवायचा नाही. चेपला की चेपला. पकडीने दाबून तो पुन्हा गोल करता येईल, असं प्रत्येक घरातल्या एका काकांना वाटतं. त्यांना चहा द्या आणि पक्कड लपवा.

आवळणं. पाइप आणि व्हॉल्व्ह सरळ रेषेत धरून नट आधी हाताने फिरवायचा, तीन-चार आटे सहज गेले पाहिजेत. मग दोन पाने: एकाने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावलात तर पाइप पीळ खातो. दोन सुती नटाला पंधराच्या आसपास न्यूटन-मीटर जोर लागतो, चार सुतीला पन्नास-पंचावन्न. टॉर्क पाना नसेल तर मिस्त्री मनगटाने ओळखतो. आपलं मनगट कीबोर्डवर वाढलेलं असल्यामुळे ते एकतर सैल सोडतं किंवा लोणच्याच्या बरणीचं झाकण लावल्यासारखं फिरवत बसतं. जास्त आवळलं की फूल चिरतं.

इथवर जे सांगितलं, ते निदान डोळ्यांना दिसतं. आता जे येतंय ते दिसत नाही, म्हणून ते सगळ्यांत जास्त वेळा टाळलं जातं.

जोडलेल्या पाइपात आता खोलीतली हवा आहे. खोली ठाण्याच्या खाडीपासून फार लांब नाही, म्हणजे हवेत ओल आहे. जुलै असेल तर विचारूच नका. ही ओल गॅसबरोबर फिरू लागली की बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ होऊन अडकते, आणि कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आंबट होत जाते, म्हणजे खरोखरचं आम्ल. ती काढायला व्हॅक्यूम पंप. पाणी शंभर अंशांना उकळतं हे शाळेत शिकलो, पण ते भोवती हवेचा दाब असताना. दाब काढून घेतला तर पाणी बर्फाच्या थंडीतही वाफ होऊन निघून जातं. पंप वातावरणाचा ७६० मिलिमीटर पाऱ्याचा दाब अर्ध्या मिलिमीटरच्या खाली, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ५०० मायक्रॉनच्या खाली आणतो. वीस मिनिटं ते अर्धा तास. मग पंप बंद करून काटा बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर जोड घट्ट आहेत.

भर मोसमात दिवसाला सहा-सात घरं करणाऱ्या मुलाकडे हा अर्धा तास नसतो. तो एक नट किंचित सैल करतो, आउटडोअरमधला थोडा गॅस फुस्स करून सोडतो, ‘हवा निघाली’ म्हणतो आणि नट आवळतो. हवा बरीचशी निघते, ओल राहते. शिवाय जो गॅस बाल्कनीत सोडला, तो थोडासा ज्वलनशील असतो आणि पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट भारी. खोली गार करायला आणलेल्या वस्तूची ही पहिली कामगिरी.

माझ्याकडे शेवटी सोमवारी नव्हे, गुरुवारी एक तरुण आला. पाठीवर सॅक, हातात ड्रिल. मी विचारलं, “पंप आणलाय?”

“काका, पंप दुसऱ्या साइटवर आहे.”

“मग तो येईपर्यंत चहा घेऊ.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, टेबलावर मांडून ठेवलेली माझी चार फ्लेअरं पाहिली, त्यातलं चौथं उचललं आणि उलट्या नटावर अंगठा फिरवला. काही बोलला नाही. फोन लावला. चाळीस मिनिटांनी एक मुलगा स्कूटरवरून पंप घेऊन आला. नवशिक्याला या सगळ्या कृतीत एकच अवजार नीट चालवता येतं, आणि ते म्हणजे हा प्रश्न.

पंप घरघरत असताना आम्ही गप्पा मारल्या. मी त्याला टनाचा अर्थ सांगितला: एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून काढणारं यंत्र एक टनाचं. म्हणजे आमचा दीड टनाचा एसी दिवसाला साडेतेराशे किलोंहून जास्त बर्फाचं काम करतो. १८३०च्या दशकात मुंबईकरांसाठी अमेरिकेतून जहाजाने बर्फ यायचा, हेही सांगितलं. तो म्हणाला, “तेव्हा फिटिंगचं काम नव्हतं, बरं होतं.” मग त्याने मला सांगितलं की डोंबिवलीत नाल्याच्या बाजूच्या आणि एमआयडीसीच्या अंगाच्या इमारतींत कॉइल लवकर काळी पडते आणि पिनएवढी भोकं पडून गळते. यात रसायनशास्त्र आहे: सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करतो. जिथला रस्ता २०२०मध्ये गुलाबी झाल्याच्या बातम्या आल्या, तिथल्या हवेकडून तांब्याने दयेची अपेक्षा ठेवू नये.

आणि त्यानेच, इकडेतिकडे बघत, आतली गोष्ट सांगितली. ‘गॅस कमी झालाय’ हे वाक्य दर उन्हाळ्यात घरोघर ऐकू येतं. गॅस म्हणजे दुधाचा रतीब नव्हे. ती बंद वाट आहे. तोच गॅस आत-बाहेर फिरत राहतो, संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय, आणि दहातल्या बऱ्याच वेळा तो त्या फुलवलेल्या चार तोंडांपैकी एकातून. आधी साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधायचा, किंवा नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघायचं, आणि मग गॅस. नायट्रोजनच, ऑक्सिजन नाही; दाबाखाली त्याची तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून माठवाल्याला दरवर्षी पैसे देणं.

काटा हलला नाही. त्याने ॲलन कीने आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह उघडला, मग जाडाचा. पाइपात एक निःश्वास टाकल्यासारखा आवाज आला. मग काळ्या फोमची सारवासारव. बारीक पाइपाला फोम कशाला, तो तर गरम असतो, असं जुने लोक सांगतात. आताच्या घरगुती स्प्लिट एसींत गॅस बहुधा आउटडोअरमध्येच थंड होऊन निघतो, म्हणून दोन्ही पाइप गार असतात आणि दोघांना वेगवेगळं पांघरूण लागतं. वरची टेप खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो आणि पाऊस ओघळून जातो. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्यात पाण्याला खिसा मिळतो. कोकणातल्या कुठल्याही माणसाला हे न सांगता कळायला हवं. मला सांगावं लागलं.

एसी सुरू झाला. पडद्यावर २४ उमटलं. २०२० सालापासून नवे एसी मुळात त्याच आकड्यावर सुरू होतील असं सरकारने ठरवलं आहे. घरातले सगळे हॉलमध्ये जमले. लेकीने उशी आणली. २०२०च्या डिसेंबरात कल्याणहून सीएसएमटीला एसी लोकल सुरू झाली, तेव्हापासून आमच्या घरात ‘गार’ या शब्दाला तिकिटाचा दर चिकटलेला होता. आज पहिल्यांदा तो फुकट वाटला. बिल महिन्याने येणार होतं.

एक पाइप राहिला. या मार्गदर्शनात मी सुरुवातीपासून दोनच पाइप मोजले, कारण सगळेच दोन मोजतात. तिसरा पांढरा, प्लास्टिकचा, पाण्याचा. त्याला सूत नाही, गेज नाही, फ्लेअर नाही, मान नाही. त्याला सतत उतार हवा आणि त्याचं टोक कुठेतरी नीट नेऊन सोडायला हवं. आमच्या हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज गाळतो. मिस्त्रीने विचारलं होतं, “काका, हा कुठे सोडू?” मी गार हवेत डोळे मिटून बसलो होतो. म्हणालो, “राहू दे तिकडे, ग्रिलमधून खाली.”

पाऊण तासाने बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात परात, परातीत कुरडया. कडेच्या कडक वाळलेल्या होत्या. मधल्या पुन्हा चीक झाल्या होत्या.

“तीन दिवस गहू भिजवला होता,” त्या म्हणाल्या.

मी काहीच बोललो नाही. आतून एक गार झुळूक दारापर्यंत आली. काकूंनी परात या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

“किती टनाचा?”

“दीड.”

“पंप लावला होता का त्याने?”

मी खुर्ची पुढे केली आणि पाइपाचं टोक बांधायला सुतळी शोधू लागलो.